रिकामी सीट ओळखण्याचा प्रकल्प

बावीस वर्षं मी शिरड शहापूरच्या एका शाळेत गणित शिकवतो आहे आणि बावीस वर्षं लोकांच्या लेकरांचे अर्धे अर्धे गुण कापतो आहे. उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत, अर्धा गुण गेला. पायऱ्या आहेत पण शेवटी 'चौरस मीटर' लिहिलं नाही, अर्धा गुण गेला. यात माझा कुणावर राग नसतो. उलट मला वाटायचं की पोरांना पुढे कधीतरी याचा फायदा होईल आणि ते माझी आठवण काढतील. आठवण काढतात, हे मला बसस्टँडवर कानावर येतं.

तर अशा माणसाच्या हातात सत्तेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठाचा 'अपेक्षा व गुणदान' नावाचा नऊ पानी कागद पडला. मी हिंगोलीच्या अभ्यासकेंद्रात शनिवार-रविवारची एक पदविका घेतली होती. त्यात कॉम्प्युटर व्हिजन नावाचा विषय होता, म्हणजे संगणकाला बघायला शिकवणे. स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माणसाने संगणकाला बघायला काहून शिकवावं, हा प्रश्न माझ्या बायकोने, मिनाने, पहिल्याच दिवशी विचारला होता. 

कागदात लिहिलं होतं की प्रकल्प शंभर गुणांचा, पास व्हायला पन्नास, आणि अचूकतेला वीस. नापास झाल्यास पुढच्या वर्षीच्या तुकडीबरोबर पुन्हा बसावं लागेल. हे शेवटचं वाक्य मी सहज मोठ्याने वाचलं आणि स्वयंपाकघरातून माझी मुलगी करुणा हातातला पेला तसाच घेऊन बाहेर आली. तिचं बी.एस्सी. संपत आलं होतं आणि जूनपासून ती हीच पदविका घेणार होती.

"पप्पा, तुमी नापास झाले तर आपण एका वर्गात येऊ."

"त्यात वाईट काय आहे?"

"हजेरी घेतील न. माझ्या नावाच्या मागं तुमचं नाव हाय. सगळे वळून पाहतील." मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "पप्पा, काहीही करा, पण पास व्हा."

दहावीला मी तिला नेमकं हेच वाक्य म्हणालो होतो. तेव्हा मला ते फार साधं वाटलं होतं.

आता मार्गदर्शकांविषयी. अभ्यासकेंद्रातला माझा मार्गदर्शक होता शिवहार, माझाच जुना विद्यार्थी. दहावीच्या सराव परीक्षेत त्याला साडेचौतीस पडले होते. पस्तीसला पास. उत्तरं बरोबर होती, पायऱ्या नव्हत्या. वर्गशिक्षक म्हणाले, द्या की अर्धा. मी दिला नाही. तोच शिवहार आता काळी बॅग घेऊन केंद्रात शिकवत होता. तो मला 'सर' म्हणायचा, मी नियमाप्रमाणे त्याला 'सर' म्हणायचो, आणि तो लाजायचा. बाहेरून ऐकणाऱ्याला यातला मास्तर कोण हे कळायला मार्ग नव्हता.

विषय निवडताना मी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला, ही माझी पहिली चूक. घेतला म्हणजे मागितला नव्हता. शेजारचे जळबाकाका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. ते कुंपणावरून म्हणाले, "सर, येवढा काँप्युटर शिकून राहिले तर लोकायच्या कामाचं करा कायतरी. गाडीत कोनती सीट रिकामी हाय, ते भाईरच्या बोर्डावर दाखवा. लोकं उगंच ढकलाढकली करतेत."

मला हे एकदम पटलं. गाडीत पुढे कॅमेरा, मागे चव्वेचाळीस सीटा. प्रोग्रॅमने प्रत्येक सीटला 'भरलेली' किंवा 'रिकामी' म्हणायचं. दोनच उत्तरं. गणिताच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

परवानगीसाठी मी अर्धा दिवस रजा टाकून डेपोत गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चेहरे दिसू देऊ नका म्हणाले आणि पाच मिनिटांत सही केली. उरलेल्या रजेचं काय करावं हे मला कळेना. मी भांडायची तयारी करून गेलो होतो, ती तशीच घरी परत आणली.

अडचण आली ती विद्यापीठाकडून. छायाचित्रातल्या प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती पाहिजे, चेहरा दिसो की न दिसो. मी कोरे तक्ते छापले: नाव, गाव, सही. आणि हिंगोली-नांदेड गाडीत फिरवले. लोकांनी भराभर सह्या केल्या. इतक्या उत्साहाने केल्या की मला शंका यायला पाहिजे होती. गाडीत साठ माणसं आणि तक्त्यावर शंभर सह्या! दोन दिवसांनी वारंगा फाट्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची सातआठ मंडळी माझ्या घरी आली आणि थांबा कधीपासून सुरू होतोय म्हणून विचारू लागली. तो तक्ता नव्या थांब्याच्या मागणीचा आहे असं कुणीतरी मागच्या सीटवरून सांगितलं होतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "बराबर हाय सर, पन थांब्याचं तेवढं पहा." मला अजूनही त्यांचे फोन येतात.

दुसरी अडचण अधिक बारीक होती. आपल्याकडे गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडक्यांतून रुमाल पडतात, हे मी सांगायला नको. रुमाल, टोपी, पिशवी, पेपर. एकदा तर मी मेथीची जुडी पाहिली. मालक खाली असतो, कुणी पाणी पितो, कुणी बाथरूमला जातो, कुणी नुसताच निर्धास्त उभा असतो. फोटोत माणूस नाही, रुमाल आहे. मग सीट भरलेली की रिकामी? आणि रुमालाची संमती घ्यायची कुणाची? मी विद्यापीठाला ईमेल केला. उत्तर आलं, 'वस्तू असल्यास संमतीची आवश्यकता नाही.'

जळबाकाकांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठले. "वस्तू? रुमाल वस्तू? सर, बत्तीस वर्सं तिकिटं फाडली म्या. मोठमोठ्या पैलवानाला उठवलं सीटवरून, पन रुमालाला कवा हात लावला न्हाई. रुमाल आधी चढतो, मानूस मागून चढतं. सीट भरली ती भरली."

कागदात एक कलम होतं की लेबलं लावताना, म्हणजे कोणती सीट भरलेली आणि कोणती रिकामी हे ठरवताना, विषयतज्ज्ञाचं मत घ्यावं. हिंगोलीत एसटीच्या सीटांचा जळबाकाकांहून मोठा तज्ज्ञ मला माहीत नव्हता. त्यांनी आमच्या ओट्यावर बसून अकराशे फोटो पाहिले आणि एकेका सीटवर बोट ठेवून सांगत गेले, "भरेल. भरेल. हे बी भरेल. ही रिकामी हाय, पन हिचं रेक्झिन फाटेल हाय, म्हून कोनी बसंना." मी त्यांच्या 'भरेल'ला 'भरलेली' असं लिहीत गेलो. शेवटी त्यांनी प्रत्येक पानावर सही केली, तीही बिल्ला नंबरासकट.

प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. निम्मा इंटरनेटवरून घेतला, निम्मा चुकवला, आणि चुकलेला करुणाने दुरुस्त केला. तसं अहवालात नमूदही केलं. एका रविवारी तो चालला आणि काकांच्या लेबलांशी ताडून पाहिलं तर अचूकता चौऱ्याण्णव टक्के. त्या दिवशी मी मिनाला जिलेबी आणायला सांगितली. प्रोग्रॅम नेमकं काय शिकलाय हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. ऑफिसात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची खुर्ची आहे. तिच्यावर पांढराशुभ्र टॉवेल असतो. अध्यक्ष वर्षातून दोनदा येतात, झेंड्याला. मी सहज प्रोग्रॅम चालू करून मोबाइल तिकडे धरला. प्रोग्रॅम म्हणाला, 'भरलेली'. मी कोन बदलून पाहिला. 'भरलेली'. शिपाई पुंजाजी मागून बघत होते. मी म्हणालो, "पुंजाजी, हे चुकून राहिलं बघा."

"चुकलं कसं? बराबर हाय," पुंजाजी म्हणाले. "हिंमत असंन तर तुमी बसून दाखवा बरं तिच्यात."

मी बसलो नाही. प्रोग्रॅमविषयी माझा आदर थोडा वाढला आणि काळजी त्याहून जास्त वाढली.

तोंडी परीक्षेला बाहेरून डॉ. अंजली मॅडम आल्या. तिशीच्या आसपासच्या, बोलायला गोड आणि वाचायला कडक. माझा दोन पानी अहवाल त्यांनी उलटून पाहिला, पुढे काही आहे का म्हणून. मग पडद्यावर एक फोटो लावला.

"सर, या सीटवर कोण आहे?"

"आहेत ना, मॅडम."

"मला दिसत नाहीत."

"दिसत नाहीत, पण आहेत. चहा पिताहेत."

"हे फोटोत कुठे दिसतं?"

"रुमाल आहे की."

मॅडमनी पाण्याचा एक घोट घेतला. "सर, कॉम्प्युटर व्हिजनमध्ये जे दिसतं ते सांगायचं असतं. तुमचा प्रोग्रॅम जे दिसत नाही ते सांगतोय." मग त्यांनी शंभर फोटोंना स्वतःची लेबलं लावली आणि अचूकता पुन्हा काढली. एकसष्ट टक्के. सत्तरच्या खाली असेल तर अचूकतेचे वीसपैकी शून्य, असं पान सहावर होतं. बाकी सगळ्याचे मिळून साडेएकोणतीस. अर्धा कशाचा गेला म्हणून मी विचारलं. "'भरलेली सीट' म्हणजे काय, ही व्याख्याच तुम्ही अहवालात लिहिलेली नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांपुढे जूनमधली हजेरी आली. आधी करुणा, मग मी.

तेव्हा कोपऱ्यात बसलेला शिवहार खाकरला. "मॅडम, पान आठवर एक कलम आहे. लेबलांबद्दल वाद असल्यास प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करता येते." नऊ पानं शेवटपर्यंत वाचणारा त्या खोलीत तो एकटाच होता. मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांना तशीही साडेतीनच्या गाडीने नांदेडला जायचं होतं. म्हणाल्या, "चला. तुमचं खरं निघालं तर अचूकतेचे पूर्ण वीस." वीस मिळाले की पन्नास झाले, असं म्हणत मी जवळजवळ पळतच बसस्टँडवर गेलो. शिवहार मागून काहीतरी सांगत होता, पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

गाडी आली. ती वळत असतानाच रुमाल सुरू झाले. धक्काबुक्कीतून वाट काढत मी पुढे ड्रायव्हरपाशी जाऊन मोबाइल धरला. प्रोग्रॅम म्हणाला, चव्वेचाळीस सीटा, चव्वेचाळीस भरलेल्या. गाडीत माणसं होती अकरा.

"तेहतीस चुका," मॅडम म्हणाल्या. आवाजात आनंद नव्हता, हे मी मान्य करतो. मग त्या तिसऱ्या रांगेत गेल्या, खिडकीजवळच्या सीटवरचा लाल ठिपक्यांचा रुमाल त्यांनी दोन बोटांनी उचलून वर रॅकवर ठेवला आणि बसल्या.

सगळ्या गाडीच्या माना तिकडे वळल्या.  हिंगोली ते शिरड शहापूर अशा बावीस वर्षांच्या रोजच्या प्रवासात मी इतकी शांत गाडी पाहिली नव्हती. शिवहारने माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेर पाहिलं.

दोन मिनिटांनी एक आजीबाई हातात पाण्याची बाटली घेऊन चढल्या. त्यांचं नाव चांगुणाबाई, हे मला नंतर सगळ्या गाडीकडून कळलं. त्या सीटपाशी आल्या, रॅककडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं.

"ऊठ माय."

"आजी, सीट रिकामी होती."

"रिकामी कशी? मी हाय न्हवं."

"तुम्ही इथे नव्हतात."

"पानी भरायला गेल्ते. मानूस पानी भरायला गेलं म्हंजी न्हाईसं होतं का?"

मॅडमनी कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर पैशाची बॅग सावरत आला. "मॅडम, रुमाल व्हता का?"

"होता."

"मंग?" कंडक्टर म्हणाला.

त्या एका शब्दावर मॅडमनी आपली वही उचलली. त्या उठल्या. शेजारच्या सीटवर पिशवी होती, तिचा मालक भेळ घेऊन आला. पलीकडे टोपी होती, टोपीचा मालक टक्कल पुसत आला. जिथे जिथे मॅडम गेल्या तिथे तिथे कुणीतरी मागून येऊन शांतपणे उभं राहिलं. दहा मिनिटांत बत्तीस जागांचे बत्तीस मालक येऊन आपापल्या ठिकाणी बसले. मॅडम रांगांमध्ये दांडा धरून उभ्या होत्या आणि वहीत टिक करत होत्या. मला त्यांची दया आली आणि आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

राहिली एकच सीट. नंबर सत्तावीस. तिच्यावर निळ्या काठाचा रुमाल होता. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तरी कुणी येईना.

"ही मात्र चूक," मॅडम म्हणाल्या. पण बसायला काही त्यांचं धाडस होईना. चांगुणाबाई म्हणाल्या, "यीन की फाट्यावर." कंडक्टर ओरडला, "सत्तावीसवर रुमाल कोनाचा हाय हो?"

मी कपाळावरचा घाम पुसायला खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. निळा काठ आणि कोपऱ्यात मिनाने दोऱ्याने घातलेला माझ्या नावाचा 'र'. गाडी फलाटाला लागताना धक्काबुक्कीत मी तो खिडकीतून कधी टाकला, हे मला आजही सांगता येणार नाही.

"माझा आहे," मी म्हणालो.

"तुम्ही कुठे चाललात?" मॅडमनी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग टाकला कशाला?"

"बस दिसली की हात आपोआप जातो, मॅडम. बावीस वर्षं झाली." आणि मग सुचलं म्हणून म्हणालो, "तुमच्यासाठीच धरली म्हणा. बसा."

मॅडम रुमाल उचलून हातात धरून बसल्या. गाडी हलली तसे मी आणि शिवहार उड्या मारून खाली उतरलो. रुमाल नांदेडला गेला. घरी येऊन मी करुणाला सांगितलं, पास झालो समज. तिने मला इतक्या जोरात मिठी मारली की माझा चष्मा वाकला.

आठ दिवसांनी शिवहार स्वतः घरी आला. निकाल एरवी पोस्टाने येतो, आणि तो चप्पल काढायलाच फार वेळ लावत होता. त्याने कागद पुढे केला. अचूकता, वीसपैकी वीस. एकूण, साडेएकोणपन्नास.

साडेएकोणतीस आणि वीस. मी बावीस वर्षं गणित शिकवतो आणि ही बेरीज त्या दिवशी मी केली नव्हती.

"मी तेच सांगून राहिलो होतो, सर, स्टँडवर," शिवहार म्हणाला. "खाली एक चौकट आहे. अर्धा गुण वाढवावा किंवा वाढवू नये, मार्गदर्शकाने सही करावी. हा कागद आठ दिवस माझ्याजवळ होता."

"मग?"

"न्हाई वाढवला, सर." तो खाली बघत होता. "चार वेळा पेन हातात घेतला. पन व्याख्या न्हाईच ना लिहिली तुमी. उत्तर बरोबर, पायरी न्हाई. अर्धा गुण जातो. मला दुसरं येतच न्हाई सर, तुमीच शिकवलं."

मला राग आला होता. भयंकर राग आला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं, कारण तो जे बोलत होता ते शब्दन् शब्द माझंच होतं. इतकं मनापासून शिकवायला नको होतं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी एवढंच म्हणालो, "शिवहार, तू बरोबर केलंस." 'सर' म्हणायचं राहून गेलं. त्याने चहा अर्धाच प्यायला. जाताना बॅगेतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत माझा रुमाल होता, धुऊन इस्त्री केलेला, आणि चिठ्ठीवर मॅडमचं एकच वाक्य: 'सीट नांदेडपर्यंत भरलेली होती.'

करुणाने निकाल वाचला, कागद घडी घालून कपाटात ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी काही बोलली नाही. मला वाईट वाटलं. तिच्या वर्गात जाऊन बसण्यापेक्षा पदविका सोडून द्यावी, असं मी मिनाला सांगितलंही. मिना म्हणाली, शाळेतल्या पोरांनी असं म्हटलं तर तुमी काय सांगता?

जूनमधल्या पहिल्या शनिवारी मी मुद्दाम उशिरा निघालो. करुणा तासभर आधीच मैत्रिणीच्या गाडीवर पुढे गेली होती. ठरवलं होतं की तिला हवी ती जागा घेऊ द्यावी, आपण गुपचूप शेवटच्या बाकावर बसावं, हजेरीला फक्त हात वर करावा. केंद्रावर पोचलो तर वर्ग गच्च भरलेला. शेवटचा बाक भरलेला. त्याच्या पुढचाही भरलेला. दुसऱ्या रांगेत करुणा बसली होती आणि तिच्या शेजारची जागा तेवढी मोकळी दिसत होती. एक मुलगी बॅग सावरत तिथे गेली.

"इथं कोनी हाय का?"

"हाय," करुणा म्हणाली.

"कोनी दिसत तर न्हाई."

"रुमाल दिसत न्हाई का?"

बाकावर निळ्या काठाचा रुमाल अंथरलेला होता, 'र' वर येईल असा. ती मुलगी मागे गेली. मला लगेच आत जायला पाहिजे होतं, पण मी थोडा वेळ दारातच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पुसायला रुमाल तिकडे होता.